पहिली वाकळ : शिमग्यापासून मृगापर्यंत

पुण्या-मुंबईकडं जिला गोधडी म्हणतात, तिला सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत वाकळ म्हणतात. जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक घालून साध्या धावदोऱ्यानं, म्हणजे सुई वर-खाली काढत घातलेल्या सरळ टाक्यांनी, शिवलेलं हे अंथरूण-पांघरूण. नवख्या माणसाचा घोंगडी आणि गोधडी या दोन शब्दांत नेहमी घोळ होतो, म्हणून आधीच सांगायला हवं: घोंगडी लोकरीची आणि मागावर विणलेली असते, वाकळ सुताची आणि हातानं शिवलेली.

वाकळ शिवायला मशीन लागत नाही. लागतं ते कडक ऊन. थरांच्या आत थोडा जरी ओलावा राहिला तरी तो नंतर बाहेर निघत नाही, कुबट वास धरतो आणि पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात. म्हणून शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी उरकली, शिमगा झाला की बसायचं आणि मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आसपास, शेवटची गाठ मारायची. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागांत हा सगळा काळ हाताशी असतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणचा घाटाकडचा भाग आणि शिराळ्याच्या डोंगराळ गावांत मात्र फेब्रुवारीतच सुरुवात करावी. वळवाच्या सरी सुरू झाल्या की तिथं कापडाला खणखणीत वाळवण मिळत नाही.

कापड निवडताना

निम्मं काम इथंच होतं किंवा बिघडतं. सुती लुगडी, सुती साड्या, धोतर, पायजमे, मऊ पडलेल्या चादरी हे वाकळेचं खरं सामान. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या घरात ढिगानं पडलेल्या असतात आणि त्या वापरायचा मोह होतो. तो आवरा. असं कापड घाम शोषत नाही, शिवताना थर एकमेकांवरून घसरतात आणि वाकळ अंगावर टिकत नाही, रात्रभर खाली सरकत राहते.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्र कापडात थोडी राख आणि थोडे मणी दोन्ही दिसतात. असं कापड आतल्या एखाद्या थराला चालवून घेता येतं, वर मात्र घालू नका.

जरीचा काठ कापून बाजूला काढा. जर टोचते आणि सुई अडते. सुती काठ असेल तर तो फेकू नका, कडेच्या पट्टीला त्याच्यासारखी शोभा दुसऱ्या कशाला येत नाही. बटणं, हूक, चेन, जाड शिवणी काढून टाका. जीन्सचं कापड घालूच नका, सहाव्या थराला सुई जाणार नाही. बनियन-टीशर्टचं कापड ताणतं, म्हणून ते फक्त आत, तेही एकच थर.

आजीचं किंवा आईचं जपून ठेवलेलं लुगडं वाकळेत घालायचं असतं तेव्हा ते बहुतेक वेळा विरलेलं असतं. ते उजेडाकडं धरून पाहा. जिथं आरपार दिसतं तिथं टाका धरणार नाही. असं कापड वर घ्यायचंच असेल तर त्याच्या खाली मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, एक थर लावून दोन्ही मिळून एकच कापड समजा. हा खटाटोप नक्की करा. वाकळेवर ओळखीचा काठ दिसणं यातच तिची माया आहे.

हिशेब

पहिल्यांदाच मोठी डबल वाकळ काढली की ती माळ्यावर अर्धवट पडते. आधी बाळाचं दुपटं शिवावं: ३० इंच बाय ४० इंच, वर-खाली दोन कापडं आणि आत दोन थर. एक-एक इंचावर धावदोरा घातला तर सगळी मिळून ३० मीटर शिवण होते आणि आठवड्यात हात बसतो.

त्यानंतर एका माणसाची वाकळ. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर पन्ह्याची असते. तिचे २-२ मीटरचे दोन तुकडे कापले की वरचं आणि खालचं कापड झालं, दीड मीटर उरलं. ते ठिगळांना ठेवा. आतले थर चारी बाजूंनी एक-एक इंच कमी कापायचे. तयार वाकळ जवळजवळ साडेतीन फूट बाय साडेसहा फूट भरते. नऊवारी असेल तर हिशेब आणखी सोपा. सव्वाआठ मीटरच्या आसपासच्या लुगड्याचे चार तुकडे करायचे, दोन-दोन लांबीच्या बाजूनं जोडायचे, की दोघांना पुरेल अशा वाकळेच्या दोन्ही बाजू निघतात.

थर किती? उन्हाळ्यात गच्चीवर पांघरायला वर-खाली धरून ३ ते ४. थंडीला ६ ते ७. साडीच्या जाडीचा एक थर या मापाला साधारण दीडशे ग्रॅम भरतो, म्हणजे सात थरांची वाकळ किलोभराच्या थोडी वर जाते. आठच्या पुढं जाऊ नका. ऊब फारशी वाढत नाही आणि प्रत्येक टाक्याला अंगठा दुखतो. जास्त ऊब हवी असेल तर दोन हलक्या वाकळा एकावर एक घ्याव्यात, धुवायलाही सोपं जातं.

दोऱ्याचा अंदाज सुरुवातीलाच घ्या, कारण मधेच संपला तर तीच छटा पुन्हा मिळेल असं नाही. वरच्या मापाच्या वाकळेला एक इंचाच्या अंतरानं ओळी घातल्या तर ८० मीटरच्या आसपास शिवण होते. दुपदरी दोरा धरून २०० मीटर लागतो. ओळी बोटभर अंतरावर, दीड सेंटिमीटरवर घेतल्या तर ३०० मीटरच्या वर. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण तो जुन्या मऊ कापडाला हळूहळू कापतो. कापड फाटण्यापेक्षा दोरा तुटलेला बरा, तो पुन्हा घालता येतो.

सुई लांब आणि जाड, मोठ्या नाकाची घ्या. दाभण नको. ते पोत्यासाठी असतं, त्याची भोकं कापडात तशीच राहतात. मेणाचा एक तुकडा जवळ असावा. दोरा मेणावरून दोनदा ओढला की गुंतत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. ते अडचणीचं वाटलं तर बोटाला सुती पट्टी गुंडाळा, पण उघड्या बोटानं सात थरांना बसू नका.

धुणं आणि वाळवणं

नवं असो की जुनं, प्रत्येक कापड आधी धुवायचं. यामागं तीन कारणं आहेत. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुन्या साडीखाली न धुतलेला मांजरपाट घातला तर पुढं धुतल्यावर मांजरपाट आखडतो आणि साडीला सगळीकडं चुण्या पडतात. दुसरं, साड्यांना खळ असते आणि कसरीला, झुरळांना खळ आवडते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून ती काढून टाका. तिसरं कारण रंगाचं. लाल, काळं, गर्द निळं कापड ओलं करून त्यावर पांढरा फडका घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पाणी नितळ येईपर्यंत धूत राहायचं. मीठ टाकल्यानं रंग पक्का होतो असं सांगतात, तसं होत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते वाकळेत घालू नका, आतल्या थरातही नको. पहिल्या धुण्यात रंग वर फुटतो.

वाळत घालताना दोन दिवस सलग ऊन द्या. मग इस्त्री फिरवा आणि उभा-आडवा धागा सरळ करून कापा. तिरका काप ताणतो आणि वाकळ एका कोपऱ्यात लांबते.

ठिगळं जोडायची असतील तर याच वेळी जोडा. चौकोन ५ किंवा ६ इंचांचे घ्या, पाव इंच कडा आत दुमडून इस्त्री करा आणि वरच्या कापडावर बारीक टाक्यानं लावा. पहिल्या वाकळेला ७-८ ठिगळं पुरेत. रंग मांडताना एक युक्ती लक्षात ठेवा: गर्द ठिगळं कडेला, फिकी मधे. कडा जास्त मळतात. पायाकडच्या बाजूला एखादं वेगळं, ओळखू येईल असं ठिगळ लावावं, म्हणजे पांघरताना डोक्याकडची बाजू रोज तीच राहते.

मांडणी

सारवलेली जमीन असो की फरशी, झाडून पुसून पूर्ण वाळू द्या. खालचं कापड उलटी बाजू वर करून पसरा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा, तांब्या, काहीही. कापड ओढून ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईल इतकंच सरळ करायचं. ताणलेलं कापड वजन काढलं की आखडतं आणि बाकीचे थर त्यावर फुगतात.

आतले थर एकेक करून घाला. प्रत्येक थरावर मधून कडेकडं दोन्ही तळहात फिरवा. लहान तुकड्यांचा थर करायचा झाला तर तुकडे एकमेकांवर चढू देऊ नका, कडेला कडा भिडवा. चढलेल्या जागी दोरी ठेवल्यासारखा उंचवटा येतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो कळतो. एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असं बघा. शेवटी वरचं कापड, सुलटी बाजू वर.

आता कच्चे टाके. हे टाळायचा मोह सगळ्यांना होतो, आणि वाकळ बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, मध्यापासून सुरुवात करा आणि वीत-वीत अंतरावर उभे-आडवे लांब टाके घालत कडेपर्यंत जा. टाका दोन-तीन इंचांचा चालेल. मग वरच्या आणि खालच्या कापडाच्या कडा, जो एक इंच जास्त ठेवला होता तो, आतल्या थरांवरून आत दुमडा आणि दोन्ही दुमडी एकमेकींना भिडवून कच्च्या टाक्यानं धरा. कोपऱ्यात कापड फार जमतं. तिथं आतल्या थरांचं टोक तिरकं छाटलं की कोपरा बसतो.

इतकं झालं की वाकळ उचलून बघा. एखादा थर आत लोंबतोय असं वाटलं तर आत्ताच उसवा.

धावदोरा

दोरा दोन हातांहून लांब घेऊ नका. दुपदरी करायचा म्हणून चार हात कापा. लांब दोरा ओढून ओढून विरतो आणि गुंततो. गाठ मारा, सुई ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर अलीकडं वरच्या थरात घाला, ओळीवर बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ कापडाखाली जाते.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्या, जाड वाकळेला दोनच. सुई ओढल्यावर अंगठा ओळीवरून मागून पुढं फिरवा, म्हणजे दोरा कापडात बसतो पण आवळत नाही. ही एवढी सवय लावलीत तर निम्म्या चुका टळतात. दोरा आवळला की ओळीच्या दोन्ही बाजूंना कापड गोळा होतं आणि धुतल्यावर तिथंच दोरा तुटतो. दर दहा-पंधरा टाक्यांनी वाकळ उलटून पाहा. खाली टाका लागलाच नाही असं पहिल्या दिवसांत हमखास होतं. सुई फार तिरपी धरली की ती खालच्या कापडापर्यंत पोचतच नाही.

ओळींची दिशा दोन प्रकारांनी घेतात. जुनी रीत म्हणजे कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्यावर संपवायचं. दिसायला ती फार सुरेख. पण तिच्यात प्रत्येक फेरीला वरचं कापड किंचित पुढं सरकतं आणि सगळा सैलपणा मधे जमून शेवटी फुगा येतो. सराईत बाई हातानं तो सैलपणा दर फेरीला पसरवत जाते. नवख्यानं पहिल्या वाकळेला सरळ उभ्या ओळी घ्याव्यात: पहिली बरोबर मधोमध, दुसरी तिच्या उजवीकडं, तिसरी डावीकडं, असं कडेकडं जात राहायचं. दोन शेजारच्या ओळी उलट दिशेनं शिवा, एक डोक्याकडून, दुसरी पायाकडून, म्हणजे वाकळ तिरकी होत नाही. सगळ्यात शेवटी कडेपासून पाव इंच आत दोन ओळी चारी बाजूंनी. कडा या दोन ओळींवरच टिकते, म्हणून इथं टाका बारीक घ्या.

ओळीचं अंतर किती ठेवायचं हे आतलं कापड ठरवतं. अखंड साड्या असतील तर एक-दीड इंच पुरतो. चिंध्यांचा थर असेल तर बोटभरच ठेवा, नाहीतर दोन धुण्यांत चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतात आणि बाकीची वाकळ पोकळ होते.

रोज दीड तास दिला तर नवख्या हाताला पंधरा-वीस दिवस लागतात. जागेवरून उठताना सुई वाकळेत खोचून ठेवू नका, पोरं येऊन लोळतात. सुया मोजून डबीत. शेवटच्या दिवशीही मोजायच्या.

फुगा आलाच तर? त्या भागातल्या दोन-तीन ओळी उसवा, सैल कापडाची पातळ चुणी घ्या आणि तिच्यावर लांबट ठिगळ लावा. जुन्या वाकळांवरची कितीतरी ठिगळं अशीच आलेली असतात आणि ती शोभून दिसतात.

धुवायचं कसं

वर्षातून दोनदा: घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं निघतात तेव्हा, आणि उन्हाळ्यात. तासभर साबणाच्या पाण्यात भिजवा, पायानं तुडवा, ब्रश लावू नका. पिळू नका. दोघांनी दोन टोकं धरून घडी करा आणि दाबून पाणी काढा. ओली वाकळ कोरडीपेक्षा दुपटी-तिपटीनं जड होते. ती एका दोरीवर टाकली की दोरीच्या रेषेवरचे टाके तुटतात. कठड्यावर, भिंतीवर किंवा खाटेवर आडवी पसरा आणि दुपारी उलटा. ठेवताना घड्यांत कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे घाला. पाला दर वर्षी बदलायचा.

मृग लागला की परड्यात

पाऊस सुरू झाला की शिवण थांबते आणि हात मातीत जातात. पुढच्या वाकळेचा पिवळा रंग परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पिकवता येतो, म्हणून झेंडूच्या दोन ओळी नक्की लावा. जूनच्या शेवटी बी टाका, वर मातीचा पातळ थरच द्या, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त नको. तीन-चार आठवड्यांत रोप वीतभर होतं. मग दीड-दीड फुटावर लावा. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथं वरंब्यावर लावलं नाही तर रोप मुळाशी कुजतं. माणदेशातल्या मुरमाड जमिनीत ती अडचण नाही, पण तिथं प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घालावं लागतं. लावल्यावर साधारण महिन्यानं शेंडा खुडा. फांद्या वाढतात, फुलं वाढतात, फक्त आठवडाभर उशीर होतो. तेवढा हिशेब दसऱ्याच्या तारखेशी जुळवून घ्या.

दसऱ्याची तोरणं उतरली की फुलं टाकू नका. बुरशी न लागलेल्या फुलांच्या पाकळ्या खुडून सावलीत वाळवा. १०० ग्रॅम सुती कापड रंगवायला, म्हणजे साडीच्या साधारण सव्वा मीटर तुकड्याला, १०० ग्रॅम वाळक्या पाकळ्या, २० ग्रॅम हिरड्याची पूड आणि १५ ग्रॅम तुरटी लागते. भांडं स्टीलचं आणि याच कामाला ठेवलेलं, स्वयंपाकाचं नको. लोखंडी कढई तर मुळीच नको, हिरडा लोखंडाला लागला की काळपट होतो आणि पिवळ्याचा शेवाळी रंग येतो.

कापड धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून स्वच्छ धुवा. हिरड्याची पूड तीन लिटर गरम पाण्यात कालवून कापड त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पिळून, न धुता वाळवा. मग तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर ठेवा आणि एकदाच हलकं विसळा. सुती कापड तुरटी नुसती धरत नाही, हिरड्यामुळं धरतं. हिरडा गाळला तर पहिल्या धुण्यात रंग निघून जातो. पाकळ्या चार लिटर पाण्यात पाऊण तास उकळून गाळा, त्यात कापड सोडून मंद आचेवर पाऊण तास ढवळत राहा, आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. ढवळणं थांबलं की डाग पडतात.

सावलीत वाळवा. आठवडाभर तसंच ठेवून मग सौम्य साबणानं धुवा. पहिल्या पाण्यात थोडा पिवळा उतरतो. पाणी नितळ आलं की कापड कोरडं करून वेखंडाबरोबर बांधून ठेवा. ठिगळाला ते शिमग्यानंतर लागेल.